टावरच्या माळाचं खरं नाव

फोन आला तेव्हा मी दुधावरची साय काढत होते. पलीकडचा माणूस ओळखपाळख न देता थेट म्हणाला, “बाई, त्या तुमच्या नकाशातलं एक नाव चुकलंय बगा.”

माझी सगळी नोकरी सरकारी नकाशांच्या कचेरीत गेली. हुद्दा अनुरेखक, म्हणजे दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनी आणि दुसऱ्यांनी ऐकलेली नावं शाईनं नीटनेटकी उतरवायची. निवृत्तीनंतर आम्ही चार-सहा जणांनी एक उद्योग आरंभला. निजामाच्या काळातल्या जुन्या नकाशांवर टेकड्या आणि ओढे दिसतात, पण कित्येकांना नाव नाही. ती नावं गावकऱ्यांकडून मिळवायची आणि जुन्या नकाशावर चढवून नवा नकाशा छापायचा. यात पैसा नाही, आणि घरचे म्हणतात अक्कलही नाही. आमचा नियम एकच, की नाव त्या जागेवर वावरलेल्या माणसाच्या तोंडून आलेलं हवं आणि त्याचं ध्वनिमुद्रण हवं.

परभणी जिल्ह्यातल्या पालम तालुक्याचा तुकडा छपाईला जायच्या बेतात होता. त्यात एक बिननावाची टेकडी होती. गटातल्या एकानं फोनवर चौकशी केली, गावातले लोक म्हणाले ‘टावरचा माळ’, कारण तिथं मोबाईलचा टॉवर आहे. मी ते नाव उतरवलंही होतं, जरा नाक मुरडून. आता फोनवरचे हे त्याच गावचे गणपतराव म्हणत होते, “आमची काकू म्हणायली ते नाव न्हाई. खरं नाव येगळंच हाय.”

“मग काय आहे खरं नाव?”

“तेच तर सांगंना! लय बेजार केलंय तिनं. म्हणती, बाईमानसाला पाठवा.”

गटातले पुरुष म्हणाले, जाऊ दे, एका टेकडीसाठी कोण जाणार. मी म्हटलं, मी जाते. खरं सांगायचं तर त्या टेकडीपेक्षा मला घरातून बाहेर पडायचं होतं. सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जाऊन दोन वर्षं झाली होती. पूर्वीच्या सगळ्या सफरींत तो गाडी चालवायचा आणि मी मांडीवर नकाशा पसरून बसायचे. मी डावीकडे म्हटलं की तो हमखास उजवीकडे वळायचा, आणि बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असायचं, हे मी त्याला कधी कळू दिलं नाही. तो गेल्यावर गाडी विकली.

पुण्याहून परभणीला थेट रेल्वे आहे. रात्री बसलं की सकाळी उतरता येतं. एकट्या बाईनं खालचा बर्थ आधीच मागून घ्यावा, नाहीतर समोरचं अख्खं कुटुंब आपल्याला ‘काकू, जरा वर जाता का’ म्हणून वर पाठवतं. मला पाठवलं. स्टेशनाबाहेर ऑटोवाले तयारच असतात. भाडं आधी ठरवा, मग बॅग ठेवा. बसस्टँडच्या बाजूला साधी स्वच्छ लॉज आहेत. मी अंघोळ उरकून एका टपरीवर सुशीला खाल्ला. माहीत नसलेल्यांसाठी सांगते, हा भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला प्रकार आहे, वर शेव आणि लिंबू. गरम असतानाच खावा. अर्ध्यावर आल्यावर मी सवयीनं बशी टेबलाच्या पलीकडे सरकवली. पलीकडे एक अनोळखी गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची जराशी मागे घेतली.

दिवस रिकामा होता म्हणून पोखर्णीला जाऊन आले. रस्ता बरा आहे. नरसिंहाचं देऊळ शांत असतं, निदान आडवारी तरी. बाहेर फुलांच्या टोपलीमागे बसलेल्या बाईंना मी सहज विचारलं, “नरसिंहाला कुठली फुलं चालतात?” त्या म्हणाल्या, “आमच्या देवाला समदी चालत्यात.” मग मी काहीही विचारलं तरी त्या ‘आमचा देव’, ‘पोखर्णीचा देव’ असंच म्हणत राहिल्या. शेजारची नारळवाली खुदखुदत म्हणाली, “त्या न्हाई घ्यायच्या देवाचं नाव. त्यांच्या मालकाचं नाव बी तेच हाय.”

मालक म्हणजे नवरा. मला हसू आलं. देवळाच्या दारात बसून जन्मभर देवाचं नाव चुकवायचं म्हणजे काय कसरत! आता माझ्या प्रवासाच्या ब्लॉगला मजेशीर मजकूर मिळाला, एवढंच तेव्हा मनात आलं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं पालमला गेले. गंगाखेडवरून गाड्या जातात. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत आम्हीच जास्त होतो. थंडीत जाल तर दुतर्फा ज्वारी उभी असते, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, गोदावरीच्या पुलावरून पाणीही दिसतं. वाहकानं तिकीट फाडताना विचारलं, “एकट्याच का?” शेजारच्या आजींनी विचारलं, “संगं कुनी न्हाई का?” पालमच्या स्टँडवर चहावाल्यानं विचारलं, “आनखी कुनी यायलंय का?” तिघांनीही मायेनंच विचारलं. तरी तिसऱ्या वेळी मी खेकसलेच, “नाही यायलं कुणी!” त्यानं घाईघाईनं चहात जास्तीचं आलं घातलं.

पालममध्ये राहायची फारशी सोय नाही. गणपतरावांनी घरीच उतरायला सांगितलं होतं आणि मोटारसायकल घेऊन ते स्टँडवर उभेही होते. पन्नाशीचा गडी, बोलका. रस्त्यातच त्यांनी सगळी कुंडली सांगितली. काकूंचं नाव सोजरबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पूर्वी घरात मेंढ्या होत्या, नवऱ्यामागं त्या विकल्या. गणपतराव स्वतः नांदेडला मामाकडे वाढले, म्हणून त्यांना माळाचं जुनं नाव ठाऊक नव्हतं. ज्यांच्या तोंडी ते होतं, ते मेंढरांमागचे गडी काही वारले, काही पोटापाण्याला दूर गेले.

सोजरबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बारीक चणीची, उन्हानं रापलेली बाई. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, “नकाशावाल्या तुमीच का? टावर काय काल आला. माळ काय त्याच्या आधी न्हवता?”

“म्हणून तर आले. खरं नाव सांगा.”

“कसं सांगू?” त्यांनी पदर तोंडाशी नेला. “आमच्या मालकाचं नाव हाय त्याच्यात.”

पोखर्णीच्या फुलवाल्या बाईंवर काल मी हसले होते. आज त्याच चालीरीतीनं माझं सगळं काम अडवलं होतं.

गणपतरावांनी कपाळावर हात मारला. “अगं, मग असं बोलायचं की! काकाचं नाव म्हादू, बाई. म्हादूचा माळ, लिवा.”

सोजरबाईंनी जोरात मान हलवली, नाही म्हणून.

मग जो तमाशा झाला तो सांगण्यासारखा आहे. हां हां म्हणता अर्धी गल्ली अंगणात जमली. “म्हादूची टेकडी?” नाही. “म्हादूबाचं शिखर?” सोजरबाई तुच्छतेनं हसल्या. “म्हादूची बसकण?” नाही. कुणी म्हणालं म्हादूचं खांड, म्हणजे मेंढ्यांचा कळप. त्यावर त्या जरा थबकल्या, पण नाहीच. दुसरा अर्धा शब्द तरी सांगा, असं मी विनवलं. त्या म्हणाल्या, “अर्ध्या नावाचा माळ असतो व्हय? आन् ते चारचौघांत सांगायचं न्हाई.” आणि चक्क लाजल्या. शेवटी शेंगांची पाटी उचलून आत जाताना त्यांचा आवाज चढला. “मी मेले की टावरच म्हना समदे. कुनाला काय फरक पडतोय!”

लोक एकेक करून पांगले. ती बाई हट्टी नव्हती, घाबरलेली होती. ते नाव आता एकाच तोंडात उरलं होतं, आणि त्या तोंडाला ते उच्चारायची बंदी होती.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा होता. ठेचा जपून खा, सांगून ठेवते. जेवताना सोजरबाईंनी विचारलं, “तुमचे मालक काय करत्यात?”

“सुधीर? बँकेत होता. वारला.”

त्यांचा घास हातातच राहिला. मी नवऱ्याचं नाव घेतलं, तेही एकेरी, आणि तेही भाजी चावता चावता! “तुमी... असंच म्हनायच्या त्यांना?”

“हो. कॉलेजपासून. सकाळी स्वयंपाकघरातून ओरडायचं, सुधीऽर, चहा! तो गॅलरीतल्या खुर्चीतून आलो आलो म्हणायचा आणि येईपर्यंत चहा गार झालेला असायचा.”

“मंग ती हाक झाली,” सोजरबाई म्हणाल्या. “नाव घेणं न्हाई ते.”

मी मनात म्हटलं, मोठी आली शिकवणारी. पण ते वाक्य काही केल्या मनातून जाईना.

सकाळी ऊन वर आल्यावर आम्ही माळावर निघालो. गणपतराव पुढे, मागे सोजरबाई, आणि सगळ्यात मागे धापा टाकत मी. टेकडी नकाशावर बोटभर दिसते. पायांना मात्र ती चांगलीच कळते. बूट घाला, सोबत पाणी ठेवा. सावलीला वर एक बाभळ आहे तेवढीच. सोजरबाईंनी फडक्यात भाकरी बांधून घेतली होती आणि गाठोडं डोक्यावर ठेवलं होतं. मी द्या म्हटलं तर दिलं नाही. “रिकाम्या डोईनं ह्या माळावर मी कदी चढले न्हाई,” म्हणाल्या.

वर टॉवर गुणगुणत उभा होता. गंमत म्हणजे त्याच्या बुडाशी माझ्या फोनला रेंज नव्हती. कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीचा असावा. खाली ओढ्याची हिरवी रेघ दिसत होती, त्यापलीकडे ज्वारी आणि गावाचे पत्रे. इतकी मोकळी जागा मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. सुधीरला आवडली असती. हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं, आणि सांगायचं होतं ते नेमकं त्यालाच. मी उगाच बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधत बसले.

सोजरबाई एका सपाट दगडाशी थांबल्या आणि पुतण्याला म्हणाल्या, “तू जा खाली. तुज्या म्होरं घ्यायची न्हाई मी.”

“काय घ्यायची न्हाईस?”

“जा म्हनलं ना!”

गणपतराव ओढ्यापर्यंत उतरून दिसेनासे झाले. मग त्या दगडावर बसल्या, फडकं सोडलं आणि म्हणाल्या, “उखान्यात नाव घेतलं तर चालतं. पर कुकू गेल्यावर कोन घेऊ देतंय? लग्नात, डोहाळजेवनात, समद्या घेत्यात. मी मागं बसती.”

मी फोन काढला आणि ध्वनिमुद्रण सुरू करायला बोट नेलं.

“ते बंद करा.”

“बाई, नियम आहे आमचा. आवाज नसेल तर नाव छापत नाहीत.”

“मंग ऱ्हाऊ द्या.”

मी क्षणभर नियमाचा विचार केला. तो नियम बनवणाऱ्यांत मीही होते. मग फोन पिशवीच्या तळाशी टाकला.

“आदी तुमी,” त्या म्हणाल्या.

“मी? मला नाही येत.”

“मलाच एकटीला लाजायला लावता व्हय?”

मी प्रयत्न केला. लग्नात माझ्याकडून उखाणा घेववला होता, पण तो मावशीनं कानात सांगितलेला, एक अक्षर आठवत नव्हतं. “माळावर आले... धरून धीर... बरोबर नाही...” पुढे गाडी सरकेना. नुसतं सुधीर म्हणायला मला एरवी काहीच वाटत नाही, पण त्याच्यासाठी दोन ओळी जुळवायच्या म्हटल्यावर तो पूर्ण डोळ्यांसमोर आला, गार चहासकट. मी रडले. दोन वर्षांत माणसांसमोर रडले नव्हते. सोजरबाईंनी काही समजूत घातली नाही. मी नाक पुसेपर्यंत त्या भाकरी मोडत बसल्या.

“ऱ्हाऊ द्या,” मग म्हणाल्या. “घरी गेल्यावर घ्या. हाकेला ओ लागती, म्हनून तुमी गप झालाव. नावाला ओ लागत न्हाई.”

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, ओढ्याच्या दिशेनं एकदा पाहून घेतलं आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं:

“डोईवर टोपलं, वाट चढाची लय भारी,
मेंढ्या पांगल्या माळावर, कुत्रं बसलं शेजारी,
समदे गडी हसून म्हनत्यात, आली म्हादूची न्याहारी!”

मग दोन्ही हातांनी तोंड झाकून त्या पोरीसारख्या हसत सुटल्या.

म्हादूची न्याहारी. हसू ओसरल्यावर त्यांनीच उलगडून सांगितलं. नवी नवरी असल्यापासून ही बाई रोज सकाळी भाकरीचं टोपलं घेऊन ही टेकडी चढायची. लांबून ती दिसली की मेंढरांमागचे गडी ओरडायचे, आली रे म्हादूची न्याहारी. पुढेपुढे ती येवो न येवो, टेकडीलाच ते नाव पडलं. म्हणजे नाव नवऱ्याचं होतं खरं, पण ज्या न्याहारीवरून टेकडी ओळखली जायची, ती चढून यायची ह्यांच्या डोक्यावरून. हे अंगणात, पुतण्यासमोर आणि गल्लीसमोर ती बाई कशी सांगणार होती? आम्ही त्या दगडावर बसून भाकरी खाल्ली. एक तुकडा त्यांनी दगडाच्या कडेला ठेवला. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

त्याच दिवशी दुपारच्या एस.टी.नं मी परत फिरले. येताना शेजारी कुणी बसलं नाही, तेव्हा बॅग ठेवायला दोन आसनं मिळाली. हेही एक सुख, असं स्वतःला सांगत राहिले. परभणीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना धपाटे घ्या, प्रवासात टिकतात. मी एकटीपुरते मागितले आणि विकणाऱ्या बाईनं सवयीनं दोघांचे बांधले.

पुण्यात गटापुढे रीतसर वाद झाला. ध्वनिमुद्रण नाही, साक्षीदार नाही, शिवाय न्याहारी हे काय टेकडीचं नाव असतं? मी म्हटलं, “मी माझ्या कानांनी ऐकलंय. छापायचं नसेल तर उरलेला नकाशा दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या.” माझा स्वभाव त्यांना ठाऊक आहे. नाव मीच उतरवलं. आयुष्यात हजारो नावं काढली असतील, पण त्यांतल्या एकाही नावाचं माणूस माझ्या ओळखीचं नव्हतं. ह्या वेळी होतं. ‘न्या’चा काना किंचित वाकडा आलाय, तो मी सुधारला नाही.

छापलेली एक प्रत टपालानं पालमला पाठवली. बऱ्याच दिवसांनी गणपतरावांचा फोन आला आणि त्यांनी तो लगेच काकूंकडे दिला. सोजरबाई फोनवर ओरडूनच बोलतात.

“बाई! गनपतनं वाचून दावलं. समद्या गल्लीनं वाचलं. आता मी न्हाई घेतलं तरी चालतंय. कागद घेतोय नाव.”

“बरं झालं,” मी म्हटलं.

“तुमी घेतलं का?”

“नाही अजून.”

“घ्या की मंग,” त्या म्हणाल्या, आणि फोन बंद करायचा कसा ते माहीत नसल्यानं बराच वेळ त्यांच्या अंगणातल्या कोंबड्या मला ऐकू येत राहिल्या.

ह्या सफरीतून काय आणलं, असं कुणी विचारलं तर दाखवण्यासारखं फारसं काही नाही. वाकड्या कान्याचं एक नाव, आणि ठेच्याची पुरचुंडी, ती संपली. पालमला जाणार असाल तर थंडीत जा, गणपतरावांच्या गावी माळाचं नाव विचारा. आता तिथली शेंबडी पोरंही सांगतील. एकटे असाल तर एकटेच जा, फक्त ‘संगं कुनी न्हाई का’ ह्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा.

फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला. एकच कप, गेली दोन वर्षं करते तसा. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. गॅलरीतली खुर्ची तिथून दिसते. ती मी हलवलेली नाही, आणि त्या खुर्चीत बसतही नाही. शेजारी ऐकतील म्हणून आधी गॅलरीचं दार लावावं असं वाटलं, मग लावलं नाही. कप हातात धरून मी नाव घेतलं:

“चहा झाला गार, यायला झाला उशीर,
गॅलरीतल्या खुर्चीचं नाव आहे सुधीर.”

यमक बरं जुळलं. ओ आली नाही. मी खुर्चीत जाऊन बसले आणि चहा गरम होता तोवर पिऊन टाकला.